चव चांगली

दुपारचे दोन वाजत आले असतील. मी सोप्यात बसून गहू निवडत होते. शेजारच्या कुसुमकाकू फाटकातूनच म्हणाल्या, “हेमा, शाळंत पोरं ओकायला लागल्यात. तुझी केतकी बी हाय त्यात.”

सूप तिथंच टाकून मी पळाले. पायात चपला नाहीत हे शाळेच्या पटांगणात तळवे भाजले तेव्हा कळलं. व्हरांड्यात तिसरी-चौथीची पोरं ओळीनं आडवी केली होती. केतकी भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे, फ्रॉकवर सगळं सांडलेलं. मला बघून ती रडलीसुद्धा नाही, इतकी गळून गेली होती. एकंदर चौदा पोरं. मुख्याध्यापक चोपडे सर एकाला पाणी पाजत होते, दुसऱ्याची पाठ चोळत होते आणि मधूनच दुधाच्या गाडीवाल्याला फोन लावत होते.

पटांगणाच्या कडेला पोरांचं जेवण शिजवायची पत्र्याची खोली होती. तिच्या दारात शालन उभी होती. शालन वाघमारे, शाळेत खिचडी करणारी. हातातली पळी तशीच हातात. ती पोरांजवळ यायला निघाली, तेवढ्यात कुणीतरी बाई ओरडली, “लांब हो. काय घातलंस गं पोरांच्या पोटात?” त्यानंतर ती जागची हलली नाही.

दुधाच्या गाडीतून पोरांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, पण डोक्यानं शांत. त्यानं प्रत्येक पोराला विचारलं, “जेवणाशिवाय आणखी काही खाल्लं होतं का?” प्रत्येक पोरानं मान हलवून नाही म्हटलं. दोघांना सलाईन लावलं, बाकीच्यांना साखर-मिठाचं पाणी. खिचडीचा नमुना बाटलीत भरून तालुक्याला पाठवला. त्या बाटलीचं पुढं काय झालं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळी पोरं घरी आली आणि भूक भूक करायला लागली. केतकीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी तिच्याकडं बघत बसले होते, आणि माझं ताट मात्र झाकून ठेवलं होतं.

त्याचं कारण एक वही होती.

आमची शाळा पहिली ते चौथीची. नवा कायदा आला आणि प्रत्येक शाळेत आईबापांची एक समिती करायची ठरलं, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात निम्म्या बायका हव्यात. गावात बारावी झालेली सून म्हणून माझं नाव घातलं, आणि मी सभासद झाल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. समितीत बायकांना एकच खरं काम होतं. पोरांच्या ताटात जेवण पडण्याआधी अर्धा तास कुणीतरी पालकानं ते खाऊन बघायचं आणि वहीत लिहायचं. तारीख, पदार्थ, चव कशी आहे, खाली सही. तिला चव नोंदवही म्हणायचे. माझे वार ठरले मंगळवार आणि शुक्रवार.

आधीची जेवण करणारी बाई लेकीकडं पुण्याला गेली तेव्हा समितीनं अर्ज मागवले. अर्ज आला एकच, शालनचा. तिचा नवरा गवंड्याच्या हाताखाली काम करताना परांचीवरून पडला आणि पाय मोडून घरी बसला होता, त्यामुळं घर तिच्यावर होतं. ती खालच्या आळीत राहायची. आळीच्या पाटीवर समतानगर असं लिहिलेलं होतं, पण बोलताना सगळे खालची आळीच म्हणत, आणि तिथल्या माणसाच्या हातचं वरच्या आळीत कुणी खात नसे. पोरांचं चालायचं. पोरं लहान आहेत, शाळा सरकारी आहे, असं म्हणून मोठ्यांनी त्याकडं कानाडोळा केला होता. मोठ्या माणसानं खाणं ही गोष्ट वेगळी.

पहिल्या मंगळवारी मी गेले तेव्हा शालननं स्टीलची ताटली घासून-पुसून ठेवली होती. तिच्यात खिचडी, वर लिंबाची फोड. लसणाच्या फोडणीचा असा वास सुटला होता की माझ्या तोंडाला पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, “आज माझा उपास आहे.” मंगळवार गणपतीचा. शुक्रवारी देवीचा उपास निघाला. तिसऱ्या आठवड्यात ती हसून म्हणाली, “वहिनी, तुमचं उपास लई कडक.” मीही हसले. त्यानंतर तिनं ताटली ठेवायचं बंद केलं, वही तेवढी पुढं करायची. मी लिहायचे, चव चांगली. खाली सही. असे सात महिने गेले. एकदा मलाच कंटाळा आला म्हणून मी ‘चव उत्तम’ असंही लिहून टाकलं.

बाकीच्या बायकाही तेच करत. फरक इतकाच की ज्या मंगळवारी पोरं ओकली त्या मंगळवारी वहीत सही माझी होती.

शुक्रवारी अकरा वाजता समितीची सभा ठरली. विषय एकच, शालनला ठेवायची की काढायची. गुरुवारी संध्याकाळी मी गिरणीत दळण घेऊन उभी होते. शालन रस्त्यानं आली आणि बाहेरच थांबली. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी पायरीवर गेले.

“वहिनी, उद्या तुमी असाल न्हवं?”

“असेन की. सभासद आहे.”

“वहीत तुमची सही हाय,” ती म्हणाली.

“हो.”

“मग झालं.” तिनं पदर सारखा केला आणि गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई माझ्या एका सहीवर सगळा भार टाकून बसली आहे. कळलं होतंही. मी घरी येऊन पिठाचा डबा भरला आणि त्यावर विचार करायचं टाळलं.

सभा चौथीच्या वर्गात भरली. पुरुष बाकांवर, आम्ही चौघी सतरंजीवर. दारा-खिडक्यांत गाव लोटलं होतं. अध्यक्ष दिनकर आप्पा शिर्के. अध्यक्ष पालकच लागतो असा नियम, म्हणून आप्पा स्वतःच्या नातवाचे पालक झाले होते. आवाज मोठा, मन वाईट नाही, पण आपलं म्हणणं खाली पडलेलं त्यांना खपत नसे. शेजारी केंद्रप्रमुख पाटोळे साहेब, आमच्यासारख्या दहा-बारा शाळा बघणारे अधिकारी. शालन फळ्याजवळ उभी होती. तिला बस असं कुणी म्हणालं नव्हतं.

आप्पांनी सुरुवात केली. “पोरं जेवली आन् ओकली. हितं आनखी काय बोलायचं राहिलं?”

“आप्पा, साठ पोरं जेवली,” शालन म्हणाली. “चौदा ओकली. माझी सोनी बी त्याच भांड्यातलं जेवली. तिला काय झालं न्हाय.”

मागून कुणीतरी म्हणालं, “त्यांच्या पोटाला सवय असती.” दोघं-तिघं हसले. मी मान खाली घातली. हसले नाही, हे आपलं सांगण्यापुरतं.

पाटोळे साहेबांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, “असं बोलून चालणार नाही. सर, चव नोंदवही काढा.”

चोपडे सरांनी वही काढून पान उघडलं आणि वाचलं. “मंगळवार. मसाला खिचडी. चव चांगली. सही, हेमलता जगदाळे.”

“कोण या?”

मी उभी राहिले.

“ताई, तुम्ही त्या दिवशी हे जेवण खाऊन बघितलं होतं?”

मी तोंड उघडायच्या आत शालन बोलली. “व्हय साहेब. वहिनींनी माझ्याम्होरं खाल्ली. चांगली ताटलीभर.”

साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग प्रश्नच मिटला. एका मोठ्या माणसानं साडेबाराला तीच खिचडी खाल्ली आणि त्यांना काही झालं नाही. म्हणजे दोष जेवणात नाही. आपण तसं लिहू, पोरांनी बाहेर काय खाल्लं त्याची चौकशी करू, आणि ही बाई कामावर राहील.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “फक्त ताईंनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, म्हणजे झालं.”

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. शालनही बघत होती. डोळ्यांनी ती काही मागत नव्हती, उलट जे ठरलंच आहे ते आता होणार अशी तिची नजर होती.

“नाही,” मी म्हणाले.

“काय नाही?”

“मी खाल्लं नाही.”

“पण सही तुमची आहे.”

“सही केली. खाल्लं नाही. त्या दिवशी नाही आणि कधीच नाही.”

बाहेर हँडपंपाला कुणी पाणी हापसत होतं. शालननं माझ्याकडं बघायचं सोडून खाली फरशीकडं बघायला सुरुवात केली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

“बगा,” आप्पा म्हणाले. “ही बाई समद्यांच्या तोंडावर खोटं बोलली. असल्या बाईच्या हातात पोरांचं जेवान द्यायचं?”

“खोटी सही तर या ताईंनीही केलीये,” साहेब म्हणाले. “सात महिने केलीये.”

“त्यास्नी उपास असत्यात साहेब. घरंदाज बाई हाय. आन् शेवटी खरं बोलल्या का न्हाय? चारचौघांत अंगावर घ्यायला धाडस लागतंय.”

चोपडे सर म्हणाले, “हे मात्र खरं.” खिडकीतल्या बायकांत कुजबुज झाली, आणि त्या कुजबुजीत कौतुक होतं. मला ते कळत होतं.

ठराव दहा मिनिटांत झाला. शालन वाघमारे हिनं समितीपुढं खोटी माहिती दिली, सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. खिचडीबद्दल ठरावात एक अक्षर नव्हतं. वही सगळ्यांपुढून फिरली, सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. शालन तोवर निघून गेली होती.

घरी पोचले तर सासूबाई माझ्या आधी येऊन पोचलेल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांनी चुलीवर ठेवलेली आमटी स्वतः उतरवली आणि मला म्हणाल्या, “बस. तू आधी जेव.” लग्नाला दहा वर्षं झाली होती. आत्यांनी मला आधी वाढायची ती पहिलीच वेळ. वाढताना म्हणाल्या, “घराचं नाव राखलंस आज.” आमचे मालकही रात्री म्हणाले, “बरं केलंस.” पुढं चार दिवस मी जाईन तिथं हेच. दुकानात, गिरणीत, हळदीकुंकवाला. हेमावहिनी खरं बोलल्या. मला ते गोड लागत होतं, हेही सांगून टाकते. माणूस स्वतःबद्दल चांगलं ऐकायला लागलं की त्याला त्याची सवय व्हायला वेळ लागत नाही.

आठ-दहा दिवसांनी रविवारी मी केतकीची वेणी घालत होते. ती म्हणाली, “आई, चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या की माणूस मरतंय का?”

माझा हात थांबला. “कुणी खाल्ल्या?”

“कुणी न्हाय.”

“केतकी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडं आप्पांचा मळा, आणि मळ्याला चंद्रज्योतीचं, म्हणजे विषारी मोगली एरंडाचं कुंपण. त्या मंगळवारी लहान सुट्टीत तिसरी-चौथीची पोरं भिंतीवरून उड्या मारून गेली. एकानं बी फोडून खाल्ली, शेंगदाण्यासारखी लागली, मग सगळ्यांनी खाल्ल्या. भिंतीवर चढलेला दिसला की सरांची छडी ठरलेली, म्हणून दवाखान्यात कुणी बोललं नाही. “आमी सगळ्यांनी शपथ घेतली होती,” केतकी म्हणाली. “तू सरांना सांगू नको.”

“किती जण होता?”

तिनं बोटांवर नावं घेतली. चौदा भरले.

मी तशीच उठले, अर्धी वेणी टाकून. आप्पा गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला, कारण नातू त्यांचाही त्या चौदात होता आणि कुंपण त्यांचंच.

“पोरं काय बी सांगत्यात,” शेवटी ते म्हणाले.

“आप्पा, चौदाच्या चौदा नावं जुळतात. शालनची काही चूक नव्हती. परत सभा घ्या.”

“ठराव तालुक्याला गेला. दुसरी बाई लागली कामाला.”

“मग ठराव फिरवा.”

त्यांनी एकदा गोठ्याकडं बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनीसाहेब, परत उकराउकर झाली की त्या पाटोळ्याच्या हातात वही जाती. सात म्हैन्याच्या खोट्या सह्या. तवा मी सावरून घेतलं. आता कोन सावरंल? तुमचं नाव झालंय गावात. ऱ्हाऊ द्या तसंच.”

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला वाट दाखवली आणि मी त्या वाटेनं घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी कोयते घेऊन आले आणि शाळेमागचं कुंपण मुळापासून तोडून गाडीत भरून घेऊन गेले. का तोडलं, हे गावात एकानंही विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की ते आता सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खालच्या आळीत गेले. दहा वर्षांत पहिल्यांदा. शालनचं घर विचारावं लागलं. ती दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. आत खाटेवर नवरा पाय लांब करून पडलेला, आणि उंबऱ्यात सोनी पाढे लिहीत होती. मला बघून शालन उठली नाही. थोड्या वेळानं तिनं शेजारचं पोतं पुढं सरकवलं. मी बसले.

“शालन, पोरांनी चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या होत्या,” मी म्हणाले.

“ठाव हाय.”

“कुंपण तोडलं म्हणून कळलं?”

“त्याच दिवशी कळलं. सोनीनं सांगितलं सांजच्याला.”

मी सोनीकडं बघितलं. “तू नव्हती खाल्लीस?”

सोनीनं मान हलवली. शालनच म्हणाली, “तिला कुनी बोलावलंच न्हवतं.”

“मग सभेत का नाही सांगितलंस? एक शब्द बोलली असतीस तर...”

“बोलले असते तर काय म्हनले असते सांगू? हिच्याच पोरीनं बिया चारल्या.” ती शेंगा फोडतच होती. “मग काम बी गेलं असतं आन् पोरगी बी शाळंतनं गेली असती. नुसत्या कामावर भागलं. तवा मी म्हनलं, तुमची सही हाय. सहीला कोन न्हाय म्हनतंय?”

तिनं फोडलेले दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला सारली, आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं.

“वहिनी, एक इचारू? सात म्हैने तुमी खोटं लिवलं. माझ्याम्होरं बसून लिवलं. मी कधी चकार शब्द काढला न्हाय. मग त्याच दिवशी तुमास्नी खरं कसं सुचलं?”

या प्रश्नाचं उत्तर मी तोवर स्वतःलाही दिलेलं नव्हतं. दहा-बारा दिवस सगळं गाव माझ्या खरेपणाचं कौतुक करत होतं आणि मी ते ऐकत होते, पण तो प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“आत्या दारात उभ्या होत्या,” मी म्हणाले.

खरंच उभ्या होत्या. त्या गर्दीत, सगळ्यांच्या पुढं, दाराच्या चौकटीला हात लावून. साहेबांनी विचारलं तेव्हा मी साहेबांकडं बघितलं नाही, शालनकडं एकदाच बघितलं, आणि मग आत्यांकडं. खरं काय, खोटं काय, हे माझ्या डोक्यात आलंही नव्हतं. हो म्हटलं असतं तर गावादेखत मी तिच्या हातचं खाल्लं असं झालं असतं. त्याची मला लाज वाटली. इतकंच झालं. त्या लाजेपायी मी जे बोलले ते योगायोगानं खरं होतं.

शालननं मान डोलावली. “मला वाटलंच. पयल्यांदा मी म्हनलं, वहिनी देवाला भ्याल्या असतील. देवाला भ्याला असता तर मला येवढं लागलं नसतं.”

आत खाटेवर नवरा कूस बदलून भिंतीकडं वळला. तो जागा होता.

मी म्हणाले, “शालन, मला खायला दे काहीतरी. काय असेल ते. शिळं दे.”

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. “कशापायी? हितं कोन बघतंय?”

तिनं दिलं नाही. मी अजून थोडा वेळ बसले, मग उठून आले. तिनं या असंही म्हटलं नाही आणि जा असंही.

पुढं जूनमध्ये शाळा उघडली आणि नवी समिती निवडायला पालकांची सभा झाली. पटांगणात सगळे आईबाप बसले होते. आप्पांचा नातू चौथी होऊन गेला होता, त्यामुळं आप्पांना अध्यक्ष राहता येत नव्हतं. ते पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले होते. नाव सुचवायला तेच उठले.

“अध्यक्ष म्हनून मी हेमलता जगदाळे ह्यांचं नाव सुचवतो. का ते समद्यांस्नी ठाव हाय. त्या दिवशी भरल्या सभेत खरं बोलल्या. शाळंला असलं मानूस पायजे.”

टाळ्या झाल्या. चोपडे सर म्हणाले, “एकमतानं झालं तर उत्तम. मान्य असेल त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. सर पुढून मागं मोजत गेले. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले आणि आप्पांनी मान उंचावून बघितलं. “मागं कोन ऱ्हायलंय?”

मागं शालन बसली होती. केतकीसारखीच सोनीही चौथीत गेली होती, म्हणून शालन पालक होती आणि तिचं मत इतर कुणाहीएवढंच होतं. सगळी सभा मागं वळली.

मी तेव्हा मनाशी एक ठरवलं. ती उठली आणि बोलली तर मीही उठायचं आणि सगळं सांगायचं. बिया, कुंपण, सह्या, आत्या, सगळं. फक्त तिनं सुरुवात करावी. इतकी वाट मी आयुष्यात कशाची बघितली नसेल. आपण स्वतः उठून बोलू शकतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले. सुचलं होतं.

शालन माझ्याकडं बघत होती. तिच्या मांडीला टेकून सोनी बसली होती, नवं दप्तर पोटाशी धरून. शालननं एकदा सोनीकडं बघितलं. मग तिनं हात वर केला.

“एकमत,” सर म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मी उठले आणि सगळ्यांना नमस्कार केला.